कॅनडात मत कुणाला द्यायचं: जिंकू शकणाऱ्याला की मनातल्या पक्षाला?

कॅनडाची सिटिझनशिप घेतली की पहिल्या फेडरल इलेक्शनला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "त्यांना मत देऊन काय उपयोग, ते इथून निवडून येणारच नाहीत." सांगणारा कधी शेजारी असतो, कधी ऑफिसमधला, कधी आपल्यातलाच वीस वर्षं इथे राहिलेला कुणी जाणता माणूस. आणि लगेच पुढचा सल्ला येतो, अमक्यांना रोखायचं असेल तर यावेळी तमक्यांनाच द्या. यालाच इथे स्ट्रॅटेजिक वोटिंग म्हणतात. ज्या पक्षावर आपला खरा विश्वास आहे तो बाजूला ठेवायचा आणि जो पक्ष अजिबात नको आहे त्याला पाडू शकेल अशा उमेदवाराला मत द्यायचं, दगडापेक्षा वीट मऊ म्हणून. आणि दुसरी बाजू म्हणते की असलं काही करू नका, मत हे आपल्या मनातलं सांगण्यासाठी असतं, निकाल काय लागायचा तो लागू दे.

हा लेख मी मुद्दाम लिहितेय कारण हे दोन्ही सल्ले लोक फार खात्रीने देतात आणि दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. स्ट्रॅटेजिक वोटिंगमध्ये चुकीचं किंवा अप्रामाणिक असं काहीही नाही, पण ते देशाकडे बघून करायचं गणितच नाही, ते आपल्या एका मतदारसंघाचं गणित आहे, आणि त्या मतदारसंघाची पक्की माहिती हातात नसेल तर मनातल्या पक्षालाच मत द्यावं. असं का ते आता नीट उलगडून सांगते.

सुरुवात मतपत्रिकेपासून करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. इथे फेडरल इलेक्शनला मशीन नाही, बटण नाही. कागद मिळतो, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे गोल, प्रत्येक गोलाशेजारी उमेदवाराचं नाव, नावाखाली पक्षाचं नाव. कमळ, हात, मशाल असली चिन्हं नाहीत. नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लावलेली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन पेन्सिलने गोलात खूण करायची, कागद घडी करून पेटीत टाकायचा, आणि संध्याकाळी तिथलीच माणसं ते हाताने मोजतात. पण या कागदावर लिबरल पक्षाचे नेते मार्क कार्नी किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पियेर पोलिएव्ह यांचं नाव शोधलंत तर सापडणार नाही, त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात राहत असाल तरच सापडेल. पंतप्रधानाला मत द्यायची सोयच नाही. टीव्हीवर महिनाभर दोन नेत्यांची कुस्ती दाखवतात आणि आपल्याला वाटतं आपण त्यांच्यातला एक निवडतोय, प्रत्यक्षात आपण फक्त आपल्या रायडिंगचा, म्हणजे मतदारसंघाचा, एक खासदार निवडत असतो. असे ३४३ खासदार मिळून हाऊस ऑफ कॉमन्स होतं आणि ज्या पक्षाच्या मागे सभागृहाचा विश्वास, त्याचा पंतप्रधान. आपल्या लोकसभेसारखंच आहे हे, नवीन काही नाही.

आणि जिंकायचा नियमही आपल्यासारखाच, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, पन्नास टक्के पाहिजेत असं काही नाही. दोनच उमेदवार असतील तर हा नियम ठीक चालतो. कॅनडात मात्र बहुतेक ठिकाणी तीन-चार पक्ष जोर लावतात, मध्यममार्गी लिबरल, उजवे कॉन्झर्व्हेटिव्ह, डावीकडचा एनडीपी म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, क्वेबेकमध्ये ब्लॉक केबेक्वा, काही ठिकाणी ग्रीन, त्यामुळे तीस-पस्तीस टक्क्यांत सीट निघते. २०२१ मध्ये व्हँकुव्हर आयलंडवरच्या नानाइमो-लेडीस्मिथ रायडिंगमध्ये एनडीपीच्या उमेदवार २९ टक्क्यांहूनही कमी मतांवर जिंकल्या होत्या. म्हणजे शंभरातल्या सत्तर लोकांनी दुसऱ्या कुणाला तरी दिलं होतं.

याचा देशपातळीवर परिणाम असा होतो की किती मतं मिळाली यापेक्षा ती कुठे मिळाली याला जास्त किंमत येते. २०१९ आणि २०२१, लागोपाठ दोन्ही वेळी कॉन्झर्व्हेटिव्हना देशभरात लिबरलपेक्षा जास्त मतं होती. २०२१ चे आकडे बघा, कॉन्झर्व्हेटिव्ह ३३.७ टक्के आणि ११९ सीट, लिबरल ३२.६ टक्के आणि १६० सीट. कारण कॉन्झर्व्हेटिव्हची मतं अल्बर्टा-सस्कॅचवानमध्ये ढिगाने पडतात, तिथे एकेक सीट प्रचंड फरकाने निघते आणि ती जादाची मतं कुठेच उपयोगी पडत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मधलं ऑन्टारिओचं प्रांताचं इलेक्शन तर याचा धडधडीत नमुना आहे, लिबरलना ३० टक्के मतं आणि १४ सीट, एनडीपीला १९ टक्क्यांहून कमी मतं आणि २७ सीट! एकाची मतं सगळीकडे पातळ पसरलेली, दुसऱ्याची ठरावीक जागी घट्ट.

आता यात मतविभागणी आली की काय होतं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. २०१९ च्या लोकसभेला नांदेडमध्ये अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी पडले आणि तिथे वंचितच्या उमेदवाराला दीड लाखाहून जास्त मतं होती. त्याच वेळी औरंगाबादमध्ये चंद्रकांत खैरे आणि हर्षवर्धन जाधव यांच्यात मतं फुटली आणि इम्तियाज जलील साडेचार हजारांच्या आत निवडून आले. त्यानंतर जो वाद झाला, वंचितला मत देणाऱ्यांनी दुसऱ्याचा फायदा केला की स्वतःचा आवाज उभा केला, तोच वाद शब्दही फार न बदलता कॅनडात एनडीपी आणि ग्रीनच्या मतदारांशी दर इलेक्शनला घातला जातो. आणि हे फक्त डावीकडे होतं असंही नाही. १९९३ मध्ये इथल्या उजव्या मतांचे दोन तुकडे झाले, प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्म. आदल्या दिवसापर्यंत सत्तेत असलेल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हना १६ टक्के मतं पडली आणि सीट आल्या फक्त २. त्याच इलेक्शनमध्ये ब्लॉकला त्यांच्यापेक्षा कमी, साडेतेरा टक्के मतं आणि ५४ सीट, कारण ब्लॉक फक्त क्वेबेकमध्ये लढला. उजवीकडची ही फूट बुजायला दहा वर्षं लागली, डिसेंबर २००३ मध्ये दोन पक्ष एकत्र आले तेव्हा आजचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष झाला.

म्हणजे स्ट्रॅटेजिक वोटिंग करणारा माणूस मूर्ख नाही की भित्रा नाही. नियमच असा आहे की तो माणसाला असा विचार करायला लावतो. १९८८ च्या इलेक्शनला अमेरिकेबरोबरचा फ्री ट्रेड करार हाच मुद्दा होता, लिबरल आणि एनडीपी दोघेही कराराच्या विरोधात आणि दोघांची मतं मिळून निम्म्यापेक्षा जास्त होती, तरी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान मलरोनींना ४३ टक्क्यांवर २९५ पैकी १६९ सीट मिळून स्पष्ट बहुमत आलं आणि १ जानेवारी १९८९ पासून करार लागू झाला. करार चांगला की वाईट हा वेगळा विषय, पण ज्यांनी तो नको म्हणून मत दिलं त्यांची मतं दोन ठिकाणी विभागली गेली आणि हातात काहीच आलं नाही, हे त्या पिढीने बघितलं. तेव्हापासून डाव्या बाजूला ही धास्ती कायम बसली आहे. २००६ मध्ये ऑटो कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष बझ हारग्रोव्ह यांनी जिथे एनडीपी जिंकू शकत नाही तिथे लिबरलला द्या असं उघड सांगितलं, त्यावरून एनडीपीने त्यांना पक्षातून काढलं. सरकार शेवटी कॉन्झर्व्हेटिव्ह नेते स्टीफन हार्पर यांचंच आलं.

आता २०२५ कडे येते, कारण इतकं मोठं उदाहरण माझ्या बघण्यात दुसरं नाही. जानेवारीत कॉन्झर्व्हेटिव्ह पोलमध्ये वीसहून जास्त पॉइंटने पुढे होते, सगळे म्हणत होते निकाल लागल्यात जमा आहे. मग लिबरल पंतप्रधान ट्रुडोंनी ६ जानेवारीला राजीनामा जाहीर केला, ट्रम्प यांनी टॅरिफ आणि कॅनडा हे एक्कावन्नावं राज्य ही भाषा लावून धरली, मार्चमध्ये ट्रुडोंच्या जागी कार्नी आले आणि बघता बघता वारं फिरलं. २८ एप्रिलला मतदान झालं. लिबरल ४३.८ टक्के, कॉन्झर्व्हेटिव्ह ४१.३ टक्के, आणि एनडीपी २०२१ च्या १७.८ टक्क्यांवरून थेट ६.३ टक्क्यांवर. सीट २५ वरून ७. एनडीपीचे नेते जगमीत सिंग स्वतःच्या रायडिंगमध्ये तिसऱ्या नंबरवर गेले आणि त्याच रात्री त्यांनी नेतेपद सोडायची घोषणा केली. पक्षाला सभागृहात अधिकृत दर्जा मिळायला १२ खासदार लागतात, तोही गेला.

यातलं सगळं स्ट्रॅटेजिक वोटिंग होतं असं म्हणणं मात्र बरोबर नाही. कुणाला कार्नी खरंच आवडले असतील, बँक ऑफ कॅनडाचे आधीचे गव्हर्नर, देशाची मध्यवर्ती बँक चालवलेला माणूस, कठीण काळात हाच बरा असं वाटलं असेल, ते मनापासूनचंच मत झालं. शिवाय एनडीपीची बरीच जुनी कामगारवर्गाची मतं उलट कॉन्झर्व्हेटिव्हकडेही गेली, विंडसर वेस्टसारखी जुनी सीट कॉन्झर्व्हेटिव्हनी घेतली ती उगाच नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक आंद्रे ब्लेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ च्या इलेक्शनचा अभ्यास केला तेव्हा खऱ्या अर्थाने स्ट्रॅटेजिक म्हणता येतील असे मतदार जेमतेम ३ टक्के निघाले होते. चर्चा खूप होते, करणारे त्या मानाने थोडे असतात. २०२५ मध्ये हा आकडा नक्कीच मोठा असणार असं मला वाटतं, पण पूर्ण साडेअकरा पॉइंटची घसरण त्याच्याच नावावर टाकता येणार नाही.

आणि आता खरी गंमत नाही, खरं दुखणं सांगते. दोन रायडिंग जवळून बघू.

एक तीच नानाइमो-लेडीस्मिथ. २०२१ ला तिथे एनडीपी पहिली, कॉन्झर्व्हेटिव्ह दुसरे, ग्रीन तिसरे आणि ग्रीनचे पॉल मॅनली हे त्याआधी तिथलेच खासदार, लिबरल चौथे आणि बरेच मागे. आता २०२५ मध्ये तिथल्या एखाद्या माणसाला कॉन्झर्व्हेटिव्ह नको आहेत, तर त्याने स्ट्रॅटेजिक मत कुणाला द्यायचं? एनडीपीला, कारण खासदार त्यांची? ग्रीनला, कारण मॅनली पुन्हा उभे आणि त्यांना मानणारे लोक आहेत? की लिबरलला, कारण देशभर लाट त्यांची? तिघांकडेही सांगायला चांगलं कारण होतं, आणि तिन्ही बाजूंचे लोक एकमेकांना हेच सांगत होते की आमच्याकडे या, मतं फोडू नका. निकाल लागला तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह सुमारे ३५ टक्के, लिबरल सुमारे २८, एनडीपी आणि ग्रीन प्रत्येकी १८ च्या आसपास. तीन बाजूंची बेरीज ६४ आणि सीट ३५ वाल्यांना.

दुसरी किचनर सेंटर, ऑन्टारिओमध्ये. तिथे खासदार ग्रीन पक्षाचे, माइक मॉरिस, २०२१ मध्ये निवडून आलेले. लोकांच्या कामाचा माणूस म्हणून त्यांचं नाव, आणि तिथे कॉन्झर्व्हेटिव्हना रोखायचं तर सरळ उपाय होता तो म्हणजे बसलेल्या खासदारालाच पुन्हा द्यायचं. पण देशाची हवा लिबरल विरुद्ध कॉन्झर्व्हेटिव्ह अशी होती, आणि बऱ्याच लोकांनी टीव्हीवरचा सामना डोळ्यासमोर ठेवून मत दिलं असं दिसतं. कॉन्झर्व्हेटिव्ह ३४ टक्क्यांच्या आसपास, मॉरिस त्यांच्यापेक्षा किंचित कमी, लिबरल सुमारे २९ टक्के. मॉरिस चारशेहून कमी मतांनी पडले. जे लिबरल मत कॉन्झर्व्हेटिव्हना थांबवायला म्हणून पडलं असेल त्याने तिथे नेमकं उलटं काम केलं. या रायडिंगबद्दल वाचलं तेव्हापासून मी लोकांना सांगते, देश बघू नका, रायडिंग बघा. एडमंटन स्ट्रॅथकोना घ्या, तिथे वर्षानुवर्षं कॉन्झर्व्हेटिव्हशी टक्कर एनडीपी देते, तिथलं स्ट्रॅटेजिक मत लिबरलला नाहीच, एनडीपीला आहे, आणि त्या लाटेतही हेदर मॅकफर्सन तिथून आरामात निवडून आल्या कारण तिथल्या लोकांना हे माहीत होतं.

मग रायडिंगची माहिती मिळवायची कुठून? इथेच सगळं अडतं. पेपरात जे पोल येतात ते देशाचे असतात, साधारण हजार-दीड हजार लोकांना विचारलेलं असतं. दीड हजार लोक आणि ३४३ रायडिंग, भागाकार करा, तुमच्या रायडिंगमधले चार किंवा पाच जण येतात. चार लोकांना विचारून कुणी आपल्या सोसायटीच्या चेअरमनचं भाकीत करणार नाही. तरीही ३३८ कॅनडासारख्या साइटवर प्रत्येक रायडिंगचा आकडा दिसतो ना? दिसतो, पण तो पोल नसतो, ते मॉडेल असतं. मागच्या वेळी या रायडिंगमध्ये काय झालं, प्रांतात आता हवा किती बदलली, लोकसंख्या कशी आहे, यावरून काढलेला अंदाज. ती साइट चालवणारे फिलिप फूर्निए हे काम चांगलं करतात आणि बहुतेक सीट बरोबर येतात, कारण बहुतेक सीट तशाही सोप्या असतात. पण जिथे एखाद्या उमेदवाराचं स्वतःचं वजन आहे, जिथे तिरंगी-चौरंगी सामना आहे, तिथे मॉडेल चाचपडतं, आणि स्ट्रॅटेजिक मताची गरज नेमकी तिथेच असते. त्यात २०२५ ला मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या होत्या, ३३८ चे ३४३ झाले, म्हणजे मागच्या वेळचा आकडाही सरळ वापरता येत नव्हता, तोही हिशोब करून काढलेला.

अजून एक गोष्ट लोक विसरतात ती वेळेची. ॲडव्हान्स वोटिंग चार दिवस असतं आणि २०२५ मध्ये ईस्टरच्या त्या चार दिवसांत सुमारे ७३ लाख लोक मत देऊन मोकळे झाले. शेवटच्या आठवड्यात हवा बदलली तर त्यांना काही करता येत नाही. आणि हवा बदलते! २०११ चं क्वेबेक बघा. प्रचाराच्या सुरुवातीला एनडीपीची तिथे ७५ पैकी एकच सीट होती, तेव्हा गणित मांडलं असतं तर कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की क्वेबेकमध्ये एनडीपीला मत म्हणजे मत वाया. निकालात त्यांच्या ५९ सीट आल्या. रूथ एलेन ब्रोसो नावाच्या उमेदवार प्रचाराच्या काळात लास व्हेगासला सुट्टीवर होत्या, त्याही निवडून आल्या, आणि पुढे चांगल्या खासदार ठरून पुन्हा जिंकल्या. लाखो लोकांनी मनातल्या पक्षाला मत दिलं म्हणून तो पक्ष जिंकण्याजोगा झाला, तो आधीपासून जिंकण्याजोगा नव्हता. कोण जिंकू शकतो हे लोक काय करणार यावर ठरतं, आणि लोक काय करणार हे कोण जिंकू शकतो असं त्यांना वाटतं यावर ठरतं. हे चक्र कुठेतरी कुणीतरी तोडतो तेव्हाच नवीन पक्ष उभा राहतो. त्याच २०११ मध्ये सानिच-गल्फ आयलंड्समधून एलिझाबेथ मे निवडून आल्या, इलेक्शनमध्ये जिंकून आलेल्या पहिल्या ग्रीन खासदार. तिथल्या लोकांनीही ग्रीनला मत म्हणजे मत वाया हे ऐकलेलंच होतं.

हरलेलं मतही पूर्ण वाया जात नाही, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि नवीन सिटिझन लोकांना तो कुणी सांगत नाही. उमेदवाराला रायडिंगमध्ये १० टक्के मतं मिळाली की त्याच्या निवडणूक खर्चाचे ६० टक्के सरकारकडून परत मिळतात. नऊ टक्के मिळाली तर शून्य. म्हणजे ज्या पक्षाला तुम्ही मनातून मानता तो तुमच्या भागात दहाच्या आसपास घुटमळत असेल तर तुमचं हरणारं मत पुढच्या वेळचं ऑफिस, पत्रकं, फोन याचा पैसा मिळवून देऊ शकतं. पूर्वी तर प्रत्येक मतामागे पक्षाला दरवर्षी थेट अनुदान होतं, २००४ मध्ये सुरू झालं, हार्पर सरकारने ते टप्प्याटप्प्याने २०१५ पर्यंत बंद केलं. ते होतं तेव्हा मनातल्या पक्षाला मत द्यायचं एक रोखठोक कारण होतं, ते गेल्यामुळे लहान पक्ष आणखी अवघड जागी सापडले.

आणि मायनॉरिटी सरकार, म्हणजे अल्पमतातलं सरकार. पोलच्या चर्चेत हा भाग हरवून जातो. २०२१ मध्ये लिबरल बहुमताच्या दहा सीट मागे होते, म्हणून मार्च २०२२ मध्ये एनडीपीशी करार झाला, आणि त्या करारातून डेंटल केअर प्लॅन आला. २५ सीटवाल्या पक्षाने ते करून घेतलं. २०२५ मध्ये लिबरलना १६९ सीट मिळाल्या, बहुमताला १७२ लागतात, तीनने कमी पडल्या. म्हणजे पुन्हा लहान पक्षांची गरज, पण त्या निकालात एनडीपीकडे सातच खासदार उरले होते. ज्यांना लिबरल सरकार हवं होतं पण त्याला डावीकडे ओढणारं कुणीतरी सोबत असावं असंही वाटत होतं, त्यांच्या पदरात पहिली गोष्ट पडली आणि दुसरी बरीचशी निसटली.

मिसिसॉगाच्या एका घरी झालेलं बोलणं सांगते, कारण त्यात दोन्ही बाजू अगदी नीट आल्या होत्या. मावशी सत्तरीच्या, भाचा तिशीतला, एप्रिल महिना, चहा चाललेला.

"मावशी, तू कधीपासून लिबरल झालीस गं?"

"झाले कुठे? ट्रम्पसमोर कोण नीट उभं राहील एवढंच बघतेय मी."

"आणि डेंटल कुणी आणलं?"

"माझी कवळी त्याच प्लॅनमधून झालीय, मला नको शिकवूस. पण इथे तुझा एनडीपीवाला येणार आहे का निवडून? मग?"

"नाही येणार. पण त्याला दोन टक्केच पडली तर पुढच्या वेळी तुमच्या दातांबद्दल बोलायला कोण असेल?"

मावशींनी लिबरलला दिलं, भाच्याने एनडीपीला. माझ्या मते मावशींचं गणित त्या रायडिंगपुरतं अचूक होतं. मिसिसॉगात लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांच्यात चुरस होती, एनडीपी कितीतरी मागे, आणि पहिले दोन कोण याबद्दल कुणालाही शंका नव्हती. स्ट्रॅटेजिक मत जिथे खरोखर काम करतं ती परिस्थिती हीच, आपला पक्ष स्पष्ट तिसरा असावा, वरच्या दोघांत फरक कमी असावा, त्यांचा क्रम आपल्याला खात्रीने माहीत असावा, आणि त्या दोघांतला एक आपल्याला दुसऱ्यापेक्षा खरंच खूप नकोसा असावा. यातलं एक जरी नसेल तरी गणित कोसळतं. शेवटची अट लोक धरतच नाहीत. ज्यांना लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह दोघेही साधारण सारखेच वाटतात ते सुद्धा दबावापोटी मनाविरुद्ध मत देऊन येतात आणि मग चार वर्षं हळहळतात. भाच्याचंही मला पटलं, त्याने काय गमावू शकतो ते समजून उमजून दिलं.

एका मताने काय होतं असं म्हणणाऱ्यांसाठी २०२५ चेच निकाल आहेत. मॉन्ट्रियलजवळच्या तेरबॉनमध्ये रीकाउंटनंतर लिबरल उमेदवार १ मताने पुढे, आणि पोस्टाने पाठवलेलं एक मत पाकिटावरच्या चुकीच्या पोस्टल कोडमुळे परत आलेलं, त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं. विंडसर-टेकम्सी-लेकशोरला कॉन्झर्व्हेटिव्ह ४ मतांनी, न्यूफाउंडलंडच्या टेरा नोव्हामध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह १२ मतांनी, मिल्टन ईस्टला लिबरल २१ मतांनी. अशा ठिकाणी तिसऱ्या पक्षाच्या मतदाराने विचार करावा हे अगदी योग्य आहे. पण याच देशात अल्बर्टातली बॅटल रिव्हर-क्रोफुटही आहे, तिथे कॉन्झर्व्हेटिव्हना ८० टक्क्यांहून जास्त मतं पडली. तिथे राहणारा माणूस स्ट्रॅटेजिक वोटिंग करतो म्हणजे नक्की काय करतो? तिथे मन मारून मत द्यायचं काहीच कारण नाही, आणि ३४३ पैकी बहुतेक रायडिंग चार-बारा मतांच्या नाहीत, या दुसऱ्या टोकाच्या बऱ्याच जवळ आहेत.

मुळात नियमच बदलला तर हा पेच राहणार नाही हे इथल्या लोकांना माहीत नाही असं नाही. २०१५ ला ट्रुडोंनी सांगितलं होतं की या पद्धतीने होणारं हे शेवटचं इलेक्शन, फेब्रुवारी २०१७ मध्ये तो विषय त्यांनी गुंडाळला. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या शब्दावर विश्वास ठेवून एनडीपी-ग्रीनच्या कित्येक लोकांनी तेव्हा लिबरलला मत दिलं होतं. प्रांतांनी जनमत घेऊन बघितलं, ब्रिटिश कोलंबियात २००५ मध्ये ५७.७ टक्के लोक बदलाच्या बाजूने होते पण अट ६० टक्क्यांची होती, आणि २०१८ ला पुन्हा विचारलं तेव्हा ६१ टक्के लोकांनी जुनीच पद्धत ठेवा म्हटलं. ऑन्टारिओनेही २००७ मध्ये नाही म्हटलं. निषेध म्हणून २०२५ ला पोलिएव्ह यांच्या कार्लटन रायडिंगमध्ये इतके लोक उभे केले गेले की ९१ उमेदवारांची जवळपास मीटरभर लांब मतपत्रिका झाली. तेव्हा पुढची काही इलेक्शन तरी हाच कागद, हाच नियम धरून चालावं लागेल.

प्रत्यक्षात करायचं काय, तर इलेक्शन्स कॅनडाच्या साइटवर पोस्टल कोड टाकून आधी आपली रायडिंग आणि उमेदवार बघा. मग त्या रायडिंगचे मागच्या दोन-तीन वेळचे निकाल काढा, पहिला आणि दुसरा कोण, फरक किती, आपला पक्ष कितवा. सध्याचा खासदार पुन्हा उभा आहे का ते बघा, तो लहान पक्षाचा असेल तर जास्तच नीट बघा, किचनरचं झालं ते तिथेच झालं. मॉडेलचा आकडा बघा पण पाच-सहा पॉइंट इकडे तिकडे धरूनच बघा. एवढं करून वरचे दोन कोण हे स्वच्छ दिसत असेल, चुरस असेल आणि त्यातला एक अजिबात नको असेल, तर बिनधास्त स्ट्रॅटेजिक मत द्या, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. दिसत नसेल तर मनातल्या पक्षाला द्या, आणि कुणी मत वाया घालवलं म्हणालं तर त्याला तुमच्या रायडिंगचा आकडा विचारा, तो त्याला बहुधा सांगता येणार नाही.

आणि ज्यांना मत एका पक्षाला द्यावं लागतंय पण जीव दुसऱ्यात आहे त्यांच्यासाठी एक सरळ मार्ग आहे जो आपल्या लोकांना फारसा माहीत नसतो. फेडरल पक्षाला दिलेल्या देणगीच्या पहिल्या ४०० डॉलरवर ७५ टक्के टॅक्स क्रेडिट मिळतं, म्हणजे ४०० दिले तर टॅक्समधून ३०० वजा होतात, आपल्या खिशातून खरे गेले १००. मावशींनी त्या वर्षी तेच केलं, मत लिबरलला आणि चेक एनडीपीला. देणगी द्यायला सिटिझन असण्याचीही गरज नाही, पीआर म्हणजे पर्मनंट रेसिडेंट असलेल्यांनाही देता येते आणि प्रचारात दारोदार फिरताही येतं, त्यामुळे ज्यांच्या हातात अजून मतपत्रिका आलेली नाही त्यांनीही थांबून राहायचं कारण नाही.